काळजाचा तुकडा आणि तपकिरी रंग



घरात कोणाला कावीळ झाली की आपल्याकडे डॉक्टरांच्या आधी आठवण होते ती कावीळ उतरवणाऱ्याची. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि ती माळ दिवसेंदिवस लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणून सांगतो. कोणी चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात धुतो आणि पाणी पिवळे झालेले दाखवतो. कोणी नाकात देवडांगरीचा रस पिळतो, तर कोणी दंडावर डाग देतो. आणि मौज अशी की, यांतल्या पुष्कळ रोग्यांना खरोखरच बरे वाटते. म्हणून तर या मंडळींचा लौकिक अजून टिकून आहे.

आता तुम्ही म्हणाल, बरे वाटते ना, मग तक्रार कसली? सांगतो. कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. ताप जसा हिवतापात येतो तसाच विषमज्वरातही येतो, तशीच ही गोष्ट. पावसाळ्यात दूषित पाण्यातून गावभर जी कावीळ पसरते, ती बहुतेक करून ‘ए’ किंवा ‘ई’ जातीच्या विषाणूची असते. ती काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआप बरी होते. माळ घातली तरी होते, न घातली तरी होते. (गरोदर बाईला मात्र ‘ई’ जातीची कावीळ जिवावर बेतू शकते. तिथे माळेची वाट पाहू नये.) परंतु ‘बी’ नावाचा जो विषाणू आहे, त्याची चाल निराळी. तो रक्तातून येतो, यकृतात घर करतो, आणि कित्येकदा डोळ्यांत पिवळेपणाचा टिपूसही न दाखवता दहा-दहा, वीस-वीस वर्षे तिथे राहतो. माणूस शेतात राबत असतो, मागावर बसत असतो, त्याला काही कळत नाही. कळते तेव्हा पोटात पाणी झालेले असते किंवा रक्ताची उलटी होते.

आजचे माझे बोलणे आहे ते या दडून बसलेल्या विषाणूला यकृताच्या एवढ्याशा तुकड्यात हुडकून काढतात कसे, याविषयी. विषय जरा दवाखान्यातला आहे. पण त्यात रंग आहे, दगडफूल आहे, पितळेचे पातेले आहे, प्रेशर कुकरही आहे. तेव्हा स्वयंपाक करता करता ऐकणाऱ्या बायांनाही तो परका वाटू नये.

आधी यकृत म्हणजे काय ते पाहू. मटणाच्या दुकानात आपण ज्याला काळीज म्हणतो, ते यकृत. गोष्टीतले काळीज धडधडते ते हृदय; खाटकाच्या तराजूत पडते ते यकृत. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते आणि ते उजव्या बरगड्यांच्या आड बसलेले असते. खाल्लेल्या अन्नातील साखर साठवणे, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये बनवणे, पित्त तयार करणे, दारूपासून औषधापर्यंत जे जे विष पोटात जाईल त्याचा निकाल लावणे, अशी शेकडो कामे ते बिनबोभाट करते. ते दुखतही नाही फारसे. हाच त्याचा गुण आणि हाच दोष.

या यकृताच्या पेशीत विषाणू आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावयाचे म्हटले तर अडचण उभी राहते. ‘बी’ विषाणूचा एक कण सुमारे ४२ नॅनोमीटर जाडीचा असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे कण एकाला एक लावून ठेवले, तर जवळजवळ २४ हजार बसतील. शाळेतला सूक्ष्मदर्शक सोडा, मोठ्या रुग्णालयातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही एवढी बारीक वस्तू दिसत नाही. मग जी वस्तू दिसत नाही ती आहे असे म्हणावयाचे कशावरून? तर तिला रंग चढवून.

सोलापुरात बसून रंगाची गोष्ट सांगणे म्हणजे पंढरपुरात जाऊन अभंग शिकवण्यासारखे आहे. चादरीचे आणि टॉवेलचे सूत रंगवणारी माणसे माझ्यापेक्षा अधिक जाणतात की, जो रंग सुताला धरतो तो लोकरीला तसाच धरेल असे नाही. प्रत्येक धाग्याची रंगाशी आपली एक सोयरीक असते. विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगट झालेले मांस तपासण्याच्या शास्त्राची, सारी इमारत याच गोष्टीवर उभी आहे. नेहमीच्या तपासणीत दोन रंग वापरतात. एकाने पेशीचा गाभा, म्हणजे केंद्रक, निळा-जांभळा होतो. दुसऱ्याने बाकीची पेशी गुलाबी होते. यावरून सूज आहे काय, पेशी मेल्या आहेत काय, मांसाच्या जागी दोऱ्यासारखे जून तंतू माजले आहेत काय, हे कळते. पण हे सारे दारूनेही होऊ शकते, ‘सी’ जातीच्या विषाणूनेही होऊ शकते, काही औषधांनीही होऊ शकते. घर जळालेले दिसते. आग कोणी लावली हे मात्र त्यावरून सांगता येत नाही. पुष्कळदा ‘बी’ विषाणूच्या जुन्या रोग्याच्या यकृतात काही पेशी धुरकट काचेसारख्या दिसतात. न्हाणीघराच्या खिडकीला असते ना, पलीकडचे दिसू नये म्हणून घासलेली काच, तशा. जाणत्या डोळ्याला त्या पेशी पाहून संशय येतो. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे.

असा रंग हवा, की जो फक्त ‘बी’ विषाणूलाच धरील, दुसऱ्या कशालाही धरणार नाही. कारखान्यात असा रंग मिळत नाही. तो मिळाला प्राण्यांच्या रक्तात.

आपल्या अंगात एखादा जंतू शिरला की त्याला ओळखून धरणारी प्रथिने रक्तात तयार होतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. आणि ज्या वस्तूला ते धरतात तिला प्रतिजन. एका प्रकारचे प्रतिपिंड एकाच प्रकारच्या प्रतिजनाला धरणार, जशी एका कुलुपाला एकच किल्ली. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो या दोघांनी धनुर्वात आणि घटसर्प यांवर असे संरक्षक रक्तद्रव दाखवून दिले. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यावयाचे तर सर्पदंशाचे इंजेक्शन घ्या. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला धरणारे प्रतिपिंड तयार होतात. ते वेगळे करून माणसाला देतात. मुंबईला परळ येथे हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे चावलेली कित्येक माणसे त्या घोड्यांमुळे वाचली आहेत.

आणि योगायोग पाहा, ‘बी’ विषाणूचा पत्ता लागला तोही प्रतिपिंडामुळेच. बारुक ब्लुमबर्ग नावाचे एक अमेरिकन वैद्यक-संशोधक देशोदेशीच्या लोकांच्या रक्तातील फरक शोधत होते. ज्या रोग्यांना वरचेवर दुसऱ्याचे रक्त घ्यावे लागते, अशांच्या रक्तात नानाविध प्रतिपिंड असणार, असा त्यांचा होरा. अशा एका रोग्याचा रक्तद्रव त्यांनी अनेक ठिकाणच्या रक्तांपुढे ठेवून पाहिला. बाकी कुठे काही नाही, पण ऑस्ट्रेलियातील एका मूळ रहिवाशाच्या रक्तापुढे ठेवताच मध्ये एक पांढरी रेघ उमटली. १९६५ साली त्यांनी व हार्वे ऑल्टर आणि इतर सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या वस्तूला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव दिले. प्रारंभी ही वस्तू रक्ताच्या कर्करोगाशी निगडित असावी असा समज होता. पुढे ध्यानात आले, की हे तर काविळीच्या विषाणूचे वरचे आवरण! १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. तोच आता जगभर काविळीचा दिवस म्हणून पाळतात.

प्रतिपिंड विषाणूला जाऊन चिकटतो हे ठीक. पण तोही दिसत नाही, आणि विषाणूही दिसत नाही. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरल्यासारखे झाले. यावर तोड काढली ती अमेरिकेतील ऑल्बर्ट कून्स यांनी. १९४१ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रतिपिंडालाच एक चमकणारे द्रव्य बांधून दिले. बैलाच्या गळ्यात घुंगूर बांधावा तसे. अंधारात बैल दिसत नाही, पण घुंगूर ऐकू येतो. या युक्तीला खास प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक लागे, अंधारी खोली लागे, आणि ती चमक काही काळाने मावळत असे. १९६६ साली नाकाने आणि पिअर्स या दोघांनी चमकणाऱ्या द्रव्याऐवजी एक विकर बांधला. विकर म्हणजे आपल्या पोटात अन्न पचवणारी जी द्रव्ये असतात, त्या जातीचा पदार्थ. हा विकर पाश्चात्त्य देशांत खाल्ल्या जाणाऱ्या, मुळ्या-मोहरीच्या कुळातील एका तिखट मुळापासून काढतात. त्याच्यापुढे ठरावीक रसायन आले की तो त्याचा पक्का तपकिरी रंग करून जागच्या जागी बसवतो. हा रंग साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो, मावळत नाही, आणि काचपट्टी दहा वर्षांनी काढून पाहिली तरी कायम असतो.

राहता राहिली एक उणीव. प्राण्याच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड म्हणजे भेसळीचे बियाणे. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने मालदांडी म्हणून पेरावे आणि वावरात चार जातींची कणसे डोलावीत, तसे ते काम. हवा तो प्रतिपिंड त्यात असतो, पण नको तेही असतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच पेशीच्या वंशापासून हवा तेवढा शुद्ध, एकजिनसी प्रतिपिंड काढण्याची पद्धत शोधली. उंदराच्या पेशी घेऊन त्यांनी हे साधले. १९८४ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आज प्रयोगशाळेत इवल्याशा बाटल्यांतून जे प्रतिपिंड येतात, त्यांतले पुष्कळ असे निवडक बियाण्याचे असतात.

आता प्रत्यक्ष तपासणी कशी चालते ते सांगतो, कारण ‘काळजाचा तुकडा काढणार’ एवढे ऐकूनच घरची माणसे घाबरून रोग्याला परत घेऊन जातात, असे पुष्कळदा होते.

रोग्याचे रक्त नीट गोठते की नाही, हे आधी पाहतात. मग उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून, बहुधा सोनोग्राफीच्या मदतीने, पोकळ सुईने यकृताचा तुकडा घेतात. हा तुकडा सुतळीच्या धाग्याएवढा जाड आणि दीड-दोन सेंटिमीटर लांब असतो. दीड किलोच्या अवयवातून एवढेसे गेल्याने काही बिघडत नाही. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. म्हणून काही तास पडून राहावे लागते आणि नाडी, रक्तदाब तपासत राहतात. तो तुकडा लगेच फॉर्मलिनमध्ये टाकतात, म्हणजे तो सडत नाही. नंतर त्यातले पाणी काढून त्याजागी मेण भरतात. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या त्या तुकड्याचे यंत्राने काप काढतात. कापाची जाडी किती? तीन ते पाच मायक्रॉन. म्हणजे दोनशे-तीनशे काप एकावर एक ठेवले तर मिलिमीटरभर उंची होईल. पापडाची लाटी पातळ लाटणाऱ्या आपल्या बायांनीही हात जोडावेत असे ते काम आहे. काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घेतात.

पुढे गंमत आहे. फॉर्मलिनने मांस टिकते खरे, पण ते प्रथिनांना एकमेकांशी असे जखडून टाकते, की कुलुपाचे भोकच बुजून जाते. किल्ली शिरणार कशी? यावर उपाय निघाला तो उकळण्याचा. काचपट्ट्या विशिष्ट द्रावणात बुडवून तापवतात, आणि पुष्कळ प्रयोगशाळांतून त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. तुमच्या-आमच्या घरी डाळ शिजते तोच. एवढे झाल्यावर मांसात मूळचे जे विकर असतात त्यांना आधी गप्प करतात, नाहीतर तेच रंग आणून फसवतील. नंतर विषाणूला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचे थेंब घालतात. काही वेळ थांबून काचपट्टी धुतात. जो चिकटला तो राहिला, जो मोकळा होता तो वाहून गेला. या धुण्याला फार महत्त्व आहे. रंगाऱ्याने सूत नीट धुतले नाही तर रंग जसा फुटतो, तसे इथेही होते.

त्यानंतर दुसरा प्रतिपिंड घालतात. हा विषाणूला ओळखत नाही. हा ओळखतो पहिल्या प्रतिपिंडाला. पहिला उंदराचा असेल, तर दुसरा पुष्कळदा शेळीच्या अंगात तयार केलेला असतो. उंदराच्या प्रतिपिंडाला धरणारा शेळीचा प्रतिपिंड! त्याच्या गळ्यात तो विकराचा घुंगूर. एका पहिल्याला असे अनेक दुसरे चिकटतात, म्हणून खूण मोठी होते. शेवटी रसायन घातले की जिथे जिथे विषाणूचा अंश आहे तिथे तिथे तपकिरी रंग उमटतो. केंद्रके निळी दिसावीत म्हणून हलका निळा रंग देतात. झाले. आता निळ्या ठिपक्यांच्या शेतात तपकिरी पेशी शोधावयाच्या.

शहाणा तपासनीस एवढ्यावर विसंबत नाही. तो नेहमी आणखी काचपट्ट्या बरोबर ठेवतो: एकीत विषाणू नक्की आहे हे ठाऊक असते, दुसरीत पहिला प्रतिपिंड मुद्दाम घातलेला नसतो. पहिली रंगली नाही तर औषध शिळे झाले असे समजावे. दुसरी रंगली तर रंग खोटा. शिक्षक मंडळींनी विज्ञानाच्या तासाला मुलांना हे जरूर सांगावे. प्रयोग कशाला म्हणतात ते यातून जेवढे कळते तेवढे व्याख्या पाठ करून कळत नाही.

या कामात आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो लहान नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. एन. सी. नायक आणि आर. सचदेवा यांनी १९७५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. यकृताच्या नेहमीच्या मेणातल्या कापांत ‘बी’ विषाणूचे आवरण दाखवण्याच्या तीन पद्धती त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या: चमकणारा प्रतिपिंड, विकराचा प्रतिपिंड, आणि ऑर्सीन नावाचा साधा रंग. ‘नेहमीच्या मेणातल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ताजे गोठवलेले मांस जपावयाला महागडी साधने लागतात. मेणाचे ठोकळे मात्र जिल्ह्याच्या गावीही कपाटात राहतात. काम मेणावर होते हे दिसले, तेव्हा जुन्या, विसरलेल्या ठोकळ्यांनाही तोंड फुटले.

तो ऑर्सीन रंग मोठा मनोरंजक आहे. तो मुळात काढत दगडफुलाच्या जातकुळीतील वनस्पतींपासून. आपल्या काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल नव्हे, पण त्याचे भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. जपानमधील शिकाटा आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखवले की, यकृताचा काप आधी पोटॅशियम परमँगनेटमध्ये, विहिरीत टाकतो त्याच जांभळ्या औषधात, बुडवून मग ऑर्सीनमध्ये ठेवला, तर ‘बी’ विषाणूच्या आवरणाने भरलेल्या पेशी तपकिरी होतात. स्वस्तात काम झाले. परंतु लवकरच लक्षात आले, की हा रंग विषाणूला ओळखत नाही. गंधकाने समृद्ध अशा काही प्रथिनांना तो धरतो. विषाणूचे आवरण त्यांतले एक. आणि दुसरे एक आहे, यकृतात तांबे साठले म्हणजे त्याला धरून ठेवणारे प्रथिन.

इथे मला पुण्याची हकिगत सांगावयाची आहे.

जुन्या माणसांना आठवत असेल, पूर्वी दोन-अडीच वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांना एक रोग होई. ‘पोराला लिव्हर झालं’ असे म्हणत. पोट फुगे, यकृत दगडासारखे लागे, मूल चिडचिडे होई आणि काही महिन्यांत हातचे जाई. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुले अशी गेली आहेत. काळजाचा तुकडा म्हणतो आपण लेकराला. त्या लेकराचे काळीजच दगड होई. कारण कोणाला कळेना. कोणी शाप म्हणे, कोणी आईच्या दुधाला दोष देई. काविळीच्या ‘बी’ विषाणूचा शोध लागल्यावर काही संशोधकांना वाटले, हाच तो चोर असावा. संशय अगदीच निराधार नव्हता. या विषाणूने यकृत जून होते हे खरेच आहे. पण या मुलांच्या यकृतात तांबे सापडले, आणि तेही अफाट. ऑर्सीनच्या रंगाने पेशींतले ते काळपट-तपकिरी कण स्पष्ट दिसत. रंग तोच, पण चोर निराळा.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. पंडित आणि डॉ. भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. टॅनर यांच्याबरोबर घरोघरच्या आयांना एक साधा प्रश्न विचारला: बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, आणि ते कशात तापवता? उत्तर पातेल्यात होते. लवकर सुरू केलेले गाई-म्हशीचे दूध कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले, की दूध तांबे ओढून घेते. पितळ म्हणजे तरी काय, तांबे आणि जस्तच. १९८३ साली ‘लान्सेट’ या पत्रिकेत हे प्रसिद्ध झाले. पातेली बदलली, स्टेनलेस स्टील आले, आईचे दूध अधिक दिवस पाजण्याचा आग्रह सुरू झाला, आणि तो रोग इतका मागे हटला, की आज कित्येक तरुण डॉक्टरांनी तो पाहिलेलाही नाही. साऱ्या बालरोगांच्या इतिहासात मला ही हकिगत फार मोलाची वाटते. मांसाचा तुकडा पाहणाऱ्याने काय साठले आहे ते सांगितले. पण ते आले कोठून, हे चुलीपाशी जाऊनच कळले.

आता प्रतिपिंडाचे महत्त्व तुमच्या ध्यानात येईल. ऑर्सीनला विषाणू आणि तांब्याचे प्रथिन सारखेच. सराईत डोळ्याला दोन्हींतला फरक ओळखता येतो, एक सारवल्यासारखे पसरलेले, दुसरे दाणेदार. पण तो डोळ्याचा गुण झाला, रंगाचा नव्हे. प्रतिपिंडाचे तसे नाही. तांब्याच्या भानगडीत तो पडत नाही.

शिवाय तो विषाणूचे दोन भाग वेगवेगळे दाखवतो. वरचे आवरण पेशीच्या गुलाबी भागात सापडते. धुरकट काचेसारख्या पेशी म्हणजे त्याचेच कोठार. आतला गाभा मात्र बहुधा पेशीच्या केंद्रकात दिसतो, आणि रोग जोरात असला की केंद्रकाबाहेरही. नुसते आवरणच दिसले तर विषाणू आहे एवढे कळते. गाभा पुष्कळ पेशींत दिसला, तर विषाणूची पैदास चालू आहे असे समजतात. आणि काहीच दिसले नाही तर? तर विषाणू नाहीच, असे म्हणता येत नाही. ताज्या, जोरकस काविळीत शरीर स्वतःच विषाणूने भरलेल्या पेशी मारून टाकत असते. तेव्हा रंग अनेकदा कोराच राहतो. शिवाय सुईत आलेला तुकडा तो केवढा! शेतातून एक मूठ माती उचलली आणि तीत हुमणी नव्हती, म्हणून साऱ्या शेतात हुमणी नाही असे कोण म्हणेल?

हे सारे ऐकून कोणी उद्या दवाखान्यात जाऊन ‘माझ्या काळजाचा तुकडा काढा’ म्हणू नका. तुम्हाला ‘बी’ विषाणू आहे की नाही, हे कळण्यास रक्ताची साधी तपासणी पुरते. तीही प्रतिपिंडांचीच करामत आहे. विषाणू रक्तात किती आहेत हे मोजण्याचीही तपासणी आता आहे. यकृत कितपत जून झाले, हे सुई न टोचता यंत्राने अजमावता येते. तुकडा लागतो तो अडलेल्या ठिकाणी: रक्ताचे आकडे एक सांगतात आणि रोग्याची स्थिती दुसरे, किंवा एकाच माणसाला दारूही आहे, मधुमेहही आहे आणि विषाणूही, तेव्हा यकृताची नासाडी मुख्यतः कोणी केली हे ठरवावयाचे असते. औषध आयुष्यभर घ्यावे लागण्याचा संभव असतो. अशा वेळी हा निर्णय लहान नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. तो पसरतो रक्तातून, स्त्री-पुरुष संबंधातून, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. वाळलेल्या रक्तातही तो निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून एकाच पात्याने दहाजणांची दाढी, जत्रेत एकाच सुईने शंभरजणांचे गोंदण, कान टोचण्याची न उकळलेली तार, या गोष्टी साध्या नाहीत. आपल्याकडे ‘सुई मारल्याशिवाय गुण येत नाही’ ही जी समजूत आहे, तिनेही पुष्कळ घात केला आहे. २००९ साली गुजरातमधील मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने ‘बी’ काविळीची मोठी साथ उद्भवली आणि अनेक माणसे दगावली. इंजेक्शन घ्यावेच लागले, तर नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढावयास सांगा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

परंतु हा विषाणू एका ताटात जेवल्याने, एका माठातले पाणी प्याल्याने, शेजारी बसल्याने, हात धरल्याने पसरत नाही. रक्ताच्या तपासणीत दोष निघाला म्हणून सुनेचे ताट-वाटी वेगळे काढणे, मुलाला वर्गात मागच्या बाकावर एकटे बसवणे, हा शुद्ध अन्याय आहे. असे प्रकार घडतात, आणि ते शिकलेल्या घरांतही घडतात. बाळाला आईने अंगावर पाजण्यासही हरकत नसते, मात्र बाळाला लस दिलेली असली पाहिजे.

लशीची गोष्ट घाईची आहे. जन्मतः लागण झाली, तर शंभरातील सुमारे नव्वद बालकांच्या अंगात हा विषाणू कायमचा राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांच्या. म्हणून बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस टोचावा लागतो, आणि मग सहा, दहा व चौदा आठवड्यांना पुढचे. २०११ पर्यंत ही लस देशभरच्या सरकारी लसीकरणात आली. सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या हैदराबादेत शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ साली ही लस देशात प्रथमच नव्या पद्धतीने तयार केली. तोवर परदेशी लस सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. आई लागण झालेली असेल तर बाळाला लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही देतात. म्हणजे इथेही तोच गडी कामाला येतो. घरी बाळंतपण झाले तर ते चोवीस तास हातचे निसटतात. पाचवीच्या पूजेपर्यंत थांबून मग दवाखान्यात गेल्याने तो पहिला डोस वेळेवर पडत नाही. गरोदर बाईचे रक्त आधीच तपासून घेतले, तर कोठे, कोणाकडे, किती वाजता जावयाचे ते ठरवून ठेवता येते.

२८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्याखाली ठरवून दिलेल्या सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध विनामूल्य मिळते. औषधाच्या रोजच्या गोळीने विषाणू बहुधा पुरता जात नाही, पण दबून राहतो आणि यकृत वाचते. ती गोळी मनाने बंद करणे फार धोक्याचे. दबलेला विषाणू एकदम उसळतो. ज्यांना औषध लागत नाही त्यांनीही डॉक्टर सांगतील तसे तपासत राहावे, कारण या विषाणूने यकृताचा कर्करोगही होतो. आणि दारू? ती अजिबात नको. घरात एकाला विषाणू निघाला, तर बाकीच्यांनी आधी रक्त तपासावे आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लशीचे तीन डोस पुरे करावेत.

एक शेवटची कामाची गोष्ट. ज्यांच्या यकृताचा तुकडा तपासला आहे, त्यांनी अहवालाचा कागद तर जपून ठेवावाच. पण तपासणीनंतर मेणाचा तो ठोकळा प्रयोगशाळेत शिल्लक असतो, हेही ध्यानात असू द्यावे. तो वर्षानुवर्षे खराब होत नाही. पुढे पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाण्याची पाळी आली आणि तिथे शंका निघाली, तर पुन्हा सुई टोचण्याआधी एवढे विचारावे, की पहिला ठोकळा आणून दिला तर त्याच्याच नव्या कापावर प्रतिपिंडाचा रंग करता येईल काय. पुष्कळदा येतो. ठोकळा मागण्यासाठी रोग्याचे नाव, तपासणीची तारीख आणि अहवालावरचा नोंदणी क्रमांक लागतो. तो क्रमांक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो.